ओयमोहचा चिल्ला

"वहिनी, बाजूला व्हा. माप घेतो आणि जातो," दवलत म्हणाला. त्याच्या हातात गवंड्याची टेप होती.

ओयमोहने दोन्ही हात चौकटीला टेकवले. "आत यायचं नाही. घरात चिल्ला आहे."

मी शेजारच्या अंगणात तंदुराला नान लावत होते. नान हातातच राहिली. बाळ जन्मलं की चाळीस दिवस चिल्ला. बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही, दिवा विझवायचा नाही. आणि ओयमोह तर पन्नाशी उलटलेली विधवा, मूलबाळ नसलेली.

"चिल्ला? कुणाचा?"

"ऐक की." आतून चिवचिवाट येत होता.

"कोंबडीची पिल्लं!" दवलत खो खो हसला. "आणि बाळंतीण कोण?"

"मी."

दवलत तिचा धाकटा दीर. गेल्या पानगळीत तिचा नवरा नुसरत गेला, तेव्हापासून याचा त्या घरावर डोळा. घर पाडून मुलासाठी नवं बांधायचं आणि वहिनीला दूर पंजाकेंत शहरात भाच्याकडे धाडायचं, असा त्याचा बेत. "वांझेला घर कशाला?" असं तो चहाखान्यात बोलला होता. ते तिच्या कानावर आलं आणि पुढच्याच बाजाराला तिने खोकं भरून पिल्लं आणली.

ओयमोहचा सारा जन्म प्रसूतिगृहात आया म्हणून गेला. अर्ध्या गावाला पहिली आंघोळ तिने घातली, चिल्ल्याचे नियम बाळंतिणींना तिनेच शिकवले. तिच्या वाट्याला मात्र चिल्ला कधी आला नाही. तिच्या आईने हौसेने आधीच धाडलेला, जमिनीवर ठेवून झुलवायचा वाकड्या पायांचा पाळणा आढ्याला बांधून ठेवलेला होता. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

गाव हसलं. हसणारच! पण दवलत मशिदीत पहिल्या रांगेत बसणारा माणूस. चिल्ला मोडल्याचा बोल नको म्हणून तो मागे फिरला. "संपू दे तुमचा चिल्ला, मग बघतो," एवढं मात्र बजावून गेला.

पिल्लं संदलीच्या, म्हणजे शेगडीवर मांडलेल्या बुटक्या मेजाच्या रजईखाली, निखाऱ्यांच्या उबेला वाढली. बाजूला दिवा तेवत असायचा, आणि बाळाच्या उशाखाली ठेवतात तशी खोक्याखाली सुरी आणि नानचा तुकडा. बाईने एक नियम सोडला नाही. दोन पिल्लं मेली, ती तिने जरदाळूच्या झाडाखाली पुरली. बाकीच्यांना पंख फुटले, तशी ती त्यांना दुपारी उन्हात सोडू लागली आणि रोज निखारे थोडे कमी करू लागली.

"एकदम थंडीत टाकली तर राहणार नाहीत गं," ती मला म्हणाली. "सवय लावावी लागते. मलाही लागलीच की."

खुराडं तिने अंगणात, दवलत घराची जी भिंत आधी पाडणार होता, नेमकं तिलाच टेकवून उभारलं. प्रसूतिगृहाने टाकून दिलेल्या खाटांच्या जाळ्या चहूकडून ठोकल्या, मुंगसाला बोटभर फट ठेवली नाही. मग शिडी लावून आढ्याचा पाळणा सोडला.

"मावशी, पाळणा? कोंबड्यांना?"

"मग काय उंदरांना ठेवू?"

चिल्ला फिटतो त्या दिवशी बायका नान घेऊन बाळ बघायला येतात. ओयमोह दारोदार जाऊन आमंत्रण देऊन आली, तेही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. कोण येणार, असं मला वाटत होतं. सगळ्यांत आधी डोक्यावर ताट घेऊन आली सफरगुल, दवलतची बायको!

"माझ्या तिन्ही पोरांना पहिलं पाणी वहिनींनी घातलं," ती म्हणाली. "मी नाही यायचं तर कुणी?"

मग गल्ली लोटली. दवलत टेप घेऊन आला, तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तो फाटकातच थबकला.

"ये, आता ये! चिल्ला फिटला," ओयमोह म्हणाली. "बाळं बघ. नजर तेवढी लावू नकोस."

बायका हसल्या. त्याने बायकोकडे पाहिलं. ती पिल्लांना कणी टाकत होती.

"वहिनी, हे किती दिवस चालायचं?"

"पानगळीला अंडी घालतील. वसंतात नवरोजला एखादी खुडूक बसेल, पिल्लं निघतील. मग पुन्हा चिल्ला."

"आणि माझ्या पोराचं लग्न?"

"तुझ्या घरात कर. जन्मल्यावर तो पहिल्यांदा माझ्या हातात रडला. त्याला आहेर देईन, नाचेनसुद्धा. घर देणार नाही. मी इथेच मरणार, दवलत, आणि तेही लवकर नाही."

दवलतने टेप गुंडाळली. सफरगुलने जाता जाता त्याच्या हातात नानचा तुकडा दिला. फाटकातून बाहेर पडताना दवलत तो खात होता.

दिवस कलला, बायका गेल्या. मी ताटं गोळा करत होते. घरातली संदली थंडगार, चिवचिव नाही की दिवा नाही.

"घर कसं गप्प झालं बघ," ओयमोह म्हणाली आणि खुराड्याचं दार उघडून आत वाकली.

पिल्लं एकेक करत पाळण्याच्या वरच्या दांडीवर चढून बसली होती. तिने पाळण्याच्या वाकड्या पायावर पाऊल ठेवलं आणि हलकेच झोका दिला. पिल्लं एकमेकांवर रेलली, दांडी घट्ट धरून पुन्हा सावरली.

तिने आणखी एक झोका दिला.