पिल्लाच्या आतड्यातली चढण

मी डुकराच्या पिल्लाच्या आतड्यातली एक पेशी बोलतेय. डोळ्यांना दिसणार नाही एवढीशी आहे, पण माझं ऐका.

आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. तिच्या बुडाशी खोल खळगा, तिथे मी जन्मले. पाठोपाठ दुसरी जन्मली आणि तिने मला वर सरकवलं. माझ्यापुढे ताई होती. आम्ही सगळ्या शेंड्याकडे चढतो, वाटेत अन्नपाणी शोषून पिल्लाच्या रक्तात सोडतो आणि शेंड्यावर पोचलो की गळून पडतो. मागची पुढे येते. हे कुणी कुणाला शिकवलं, मला अजून उमगलेलं नाही.

माझ्या वेळी दिवस वाईट होते. पिल्लाला नुकतंच आईपासून तोडलं होतं आणि त्याला जुलाब लागले होते. वरच्या पेशी वेळेआधीच गळत होत्या. लव झिजून बुटकी झाली होती.

बाहेरचं बोलणं आत ऐकू यायचं. डुकरं थोरल्या भावाची. तो वारला आणि ती धाकट्याच्या गळ्यात पडली. सोबतीला वहिनी.

“याला काही घालू नकोस,” धाकटा म्हणाला. “आत जातं तेवढं बाहेर येतंय.”

“भाऊजी, तुमचे दादा थोडं थोडं पाजत राहायचे.”

“दादा नाहीये आता.”

त्याला काय ठाऊक, पिल्लाच्या घासातच आमचा घास असतो. पिल्लू उपाशी, तर आम्हीही उपाशी. ताई माझ्यादेखत अर्ध्या वाटेत सुटली. मी तिच्या जागी सरकले. सरकावंच लागतं. पण ती जागा मला माझी वाटली नाही.

“हे जन्मताना अडलं होतं,” वहिनी हळूच म्हणाली. “त्यांनीच हात घालून ओढलं. पहिलं दूधही त्यांनीच पाजलं.”

मी थक्क झाले. ते दूध ज्यांनी शोषलं, त्यांतली एकही आता इथे नव्हती. सगळं अस्तर नवं, तरी त्या दुधाचं बळ पिल्लाच्या रक्तात होतंच.

बादली आपटल्याचा आवाज आला. वाटलं, गेला हा रागाने. पण जरा वेळाने वरून बाटलीतलं मीठसाखरेचं पाणी उतरलं. एक घोट, मग दुसरा.

“हळू पी रे, गाढवा.”

“भाऊजी, डुक्कर आहे ते.”

तो हसला असावा, कारण बाटली हलली. मग दुधात कालवलेलं पातळ खाद्य आलं. मी मिळेल ते ओढून घेतलं. खाली खळग्यात नुसती झुंबड उडाली, बहिणींवर बहिणी जन्मत होत्या. लव पुन्हा उंच होऊ लागली.

आता मी शेंड्यावर आहे. बाहेर धाकट्याने पिल्लू उचललंय. “जड झालं गं, वहिनी,” म्हणतोय. आवाज ओला आहे त्याचा.

त्या वजनातलं कणभर माझ्यातून गेलंय. मागची ढकलतेय. ढकल, बाई. आणि बाहेरच्यांनो, तुम्ही तेवढं पिल्लाला पाजत राहा. मी सुटते.