साडीगार्डमागचा नट

फुलसावंगीच्या रामरावांची मोटरसायकल डावीकडे ओढायची, आणि त्याचं खापर त्यांनी बायकोच्या डोक्यावर फोडलं होतं. साडी नेसलेल्या बायका बसतात तशा विमलताई दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायच्या. "तुह्या वजनानं गाडी कलते. उजवीकडे झुक जरा," हे घरून निघाल्यापासून सुरू, ते मुक्कामाचं गाव येईपर्यंत. बिचारी झुकायची. नव्या नवलाईत रामरावांच्या खांद्यावर असणारा हात तिनं मागच्या कॅरियरवर नेला, अंग उजवीकडे टाकलं, श्वास धरला. तरी गाडी आपली डावीकडेच. मग काय, तापल्या डोक्याला निमित्तच पुरे!

चार वर्षांपूर्वी तर कहर झाला. दिग्रसला जाताना समोरून ट्रक आला, गाडी रस्त्याखाली जाता जाता वाचली, आणि पुढच्या फाट्यावर रामरावांनी चारचौघांदेखत बायकोला उतरवलं. "उतर! एसटीनं ये मागून. मारशील मले एखाद्या दिवशी." पानठेल्यावरची माणसं बघत राहिली. विमलताईंनी पदर सावरला आणि एसटीनं आल्या.

त्या दिवसापासून ती बाई गाडीवर बसली नाही. भांडली नाही, रुसली नाही. कुठं जायचं निघालं की म्हणायची, "तुमी व्हा पुढं, मले एसटीच बरी." रामरावांना वाटलं, चला, ब्याद टळली. काय म्हणावं अशा माणसाला!

गाडी मात्र ओढतच होती. पण कधी मागं खताचं पोतं असायचं, कधी रस्ता खराब; शिवाय मनगटाला सवय झालेली. परवा महागावहून येताना त्यांनी दुपट्टा बांधायला एक हात सोडला, आणि गाडी डावीकडे वळून थेट काठाच्या मुरमात गेली. पडले नाहीत, नशीब. मागं वळून पाहिलं. पोतं नाही, बायको नाही, कोणीच नाही. मग गाडी ओढली कोणी?

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी महागावला हरिसिंग मिस्तरीकडे नेली. हरिसिंगनं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून धरली आणि हसला.

"मागचं चाक तिरपं बसलं हाय, भाऊ. साखळी कोन ताणते?"

"मीच. दुसऱ्याचा हात लावू देत नाही मी."

"अन् दोन्हीकडचे नट सारखे फिरवता न?"

रामराव डावीकडे वाकून पाहू लागले. डावीकडचा नट साडीगार्डच्या मागं दडलेला. तिथं पाना जात नाही, गार्ड खोलावं लागतं. तेवढा कुटाणा कोण करतो? वर्षानुवर्षं त्यांनी एकटा उजवीकडचा नट फिरवून साखळी ताणली होती. चाक एका अंगानं मागं सरकत गेलं, दुसऱ्या अंगानं तिथंच राहिलं. आणि ते गार्ड तरी कोणासाठी? गाडी घेतली तेव्हा विमलच्या साडीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून त्यांनीच हौसेनं बसवलेलं!

हरिसिंगनं गार्ड खोललं, दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवल्या, दोरी पुन्हा लावून पाहिली. परतताना गाडी सुतासारखी सरळ चालली. रामरावांना आनंद व्हायला हवा होता, पण सगळी वाट त्यांना तो फाटा आणि पदर सावरत उभी असलेली विमल दिसत होती.

घरी विमलताई तूर निवडत होत्या. रामराव समोर बसले. "विमल, तुह्या वजनानं नव्हती ओढत गाडी. चाक मीच तिरपं करून ठेवलं होतं. चूक माही होती."

विमलताईंचा हात सुपात थांबला. "झालं न आता," एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

"परवा भाचीच्या लग्नाले माह्यासंग चाल. गाडीवर."

"मले एसटीच..."

"एक डाव बस. हात जोडतो तुले."

सूप बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, "बरं."

लग्नाच्या सकाळी विमलताई खरंच बसल्या. रामरावांनी वाट पाहिली, पण हात काही खांद्यावर आला नाही. गाव मागं पडलं आणि गाडी ओढू लागली. यावेळी उजवीकडे! हरिसिंगनं घोळ घातला की काय, म्हणून रामरावांनी आरशात पाहिलं. विमलताईंनी कॅरियर घट्ट धरलेलं, डोळे मिटलेले, अंग उजवीकडे टाकलेलं.

"मोकळी बस, विमल. आता कायले झुकतं?"

त्या दचकल्या. "बसली न नीट," म्हणाल्या, आणि आणखी उजवीकडे झुकल्या.

 मनगटानं हँडल सावरत रामरावांनी गाडी हळू चालवली. दिग्रसच्या वाटेवर तो फाटा आला. तोच पानठेला, तीच बाकडी. समोर म्हशी आडव्या आल्या म्हणून रामरावांनी ब्रेक दाबला, तशा विमलताई सीटवरून खाली सरकल्या. एक पाय जमिनीला टेकवला, पदर सावरला.

"उतरू का मी?"

"नको वं," रामराव म्हणाले. म्हशी निघून गेल्या, तरी ती पुन्हा नीट बसेपर्यंत त्यांनी ब्रेक सोडला नाही.