आठव्या ओळीपर्यंतचं प्रेम

मी चौदा ओळींची प्रेमकविता बोलतेय. जाणकार मला सुनीत म्हणतात. बाकीचे नुसतंच 'वा!' म्हणतात आणि पुढं सरकतात.

सत्तर वर्षांपूर्वी जाफराबादच्या एका मास्तरांनी मला लिहिलं. त्यांना आवडणारी मुलगी दोन गल्ल्या सोडून राहायची. तिथवर जाण्यापेक्षा चौदा ओळी लिहिणं त्यांना सोपं वाटलं. पहिल्या आठ ओळींत तिचे डोळे, तिचा आवाज, तिची चाहूल. नवव्या ओळीला तिचं लग्न दुसरीकडं ठरतं आणि उरलेल्या जागेत मास्तर तिचा कायमचा निरोप घेतात.

पण नवव्या ओळीपर्यंत पोचतंय कोण? पोरांनी दहा मार्कांसाठी मला पाठ केलं, पेपर झाला की विसरली. आता मी मोबाइलवर असते, गुलाबांच्या चित्रावर, निम्मीच. लग्नपत्रिकांवरही छापतात मला. वर गणपती, मध्ये मी, खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' लोक म्हणतात, प्रेमकविता आजही काळजाला भिडते. भिडणारच. आठव्या ओळीला थांबलं की काळजाला काही धोका नसतो.

परवा अंगदनं मला उचललं. तो अंकुशनगरला कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, हंगामात उसाचा रस तपासतो. लग्नाला अडीच महिने झाले. तेवढ्या काळात बायकोशी तो दोनच वाक्यं बोलला: 'जेवलीस का?' आणि 'लाइट कधी गेली?'

त्याची बायको शालू पहिल्या आखाडाला माहेरी, टेंभुर्णीला आलेली. नव्या सुनेनं आखाडात सासरी राहायचं नाही, ही रीत. महिना सरल्यावर परत जायचं का, हे मात्र तिचं ठरत नव्हतं. आईनं विचारलं की 'बघू' म्हणायची.

अशात माझ्या आठ ओळी तिच्या फोनवर येऊन पडल्या.

"ताई, दाजींनी पाठवलं? बिलकुल खोटं!" धाकटी अर्पिता डोकावली. "त्यांना तर निस्ता अंगठा पाठवता येतो."

शालू हसली नाही. मराठी घेऊन एम.ए. झालेली ती. जुन्या पुस्तकातून तिनं मला शेवटपर्यंत वाचलं आणि नवऱ्याला विचारलं, "पुढच्या सहा ओळी वाचल्या का?"

"हाव. लई भारी हायेत."

तिनं त्या सहाही ओळी टाइप करून पाठवल्या. खाली लिहिलं, "म्हणजे मी परत यायचं न्हाई ना?"

दोन निळ्या खुणा उमटल्या.

दुसऱ्या दिवशी जावई दारात. ऐन आखाडात!

"जावईबापू, रीत माहीत न्हाई का?" सासरे गडबडले.

"माहीत हाय मामा. पाच मिनिटं बोलतो, जातो."

अंगणात, हेल्मेट पोटाशी धरून तो शालूला म्हणाला, "न्हाई वाचल्या. दोस्ताच्या स्टेटसवरून उचललं. मला असलं जमत न्हाई. तू होतीस तवा बोललो न्हाई. आता तू न्हाईस, अन् दिवसभर मनात तुझ्याशीच बोलून राह्यलो."

ना वृत्त, ना यमक. मी कपाळाला हात लावला.

"काय बोलता मनात?" शालूनं विचारलं.

"हेच... भाजी करपली. शेजारच्या म्हशीला रेडकू झालं. तुला दाखवायचं होतं."

"मंग आखाड सरला की पहिल्याच दिवशी या न्यायला," ती म्हणाली. आणि त्याच्यासमोरच तिनं मला फोनमधून पुसून टाकलं.

माझी तक्रार नाही. वाचकहो, मला छापा, सजवा, मिरवा. जमलंच तर एकदा खालपर्यंत उतरा. सत्तर वर्षं लोक मला न वाचता जपत आलेत. हिनं पूर्ण वाचलं आणि मग पुसलं. एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.