चार इंचांची कमान

रिकामा असताना माझा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा चार इंच उंच असतो. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याची फसगत होते. मोजणाऱ्याची होत नाही.

मित्रांनो, मी अठ्ठेचाळीस फूट लांबीचा उघडा ट्रेलर. मला भिंती नाहीत, छप्पर नाही. खाली पोलादी सांगाडा, वर लाकडी फळ्या आणि मागे आठ चाकं. ट्रक जोडला की मी चालतो, सोडला की उभा राहतो. कारखान्यात मला मुद्दाम कमानदार घडवलं, कारण पुरा भार पडला की मी सपाट व्हायचं असतं.

नेब्रास्कात ऑर्व्हिल स्ट्रान्स्की यांच्या अकरा ट्रकांच्या कंपनीत मी एकोणीस वर्षं राबलो. पुलांच्या तुळया, पेरणीची यंत्रं, शेताला पाणी देणारे लांबलचक पाइप, जे कुठल्या पेटीत मावत नसे ते माझ्या वाट्याला येई. तेव्हा लोक माझं नाव काढत. मग नवे चालक साखळ्या आवळायला आणि वाऱ्यात ताडपत्री ओढायला कुरकुरू लागले, आणि मला कुंपणाशी लावून ठेवलं. चार हिवाळे मी तिथेच काढले. फळ्या राखाडी झाल्या. चाकांभोवती गवत वाढलं. कमान मात्र मी सोडली नाही.

या जूनमध्ये मार्लिस कुचेरा मला पाहायला आली. तिनं चौदा वर्षं एका मोठ्या कंपनीच्या ट्रकवर नोकरी केली, खाण्याचा माल थंड ठेवणारे बंद, शीतपेटीचे ट्रेलर ओढले. वसंतात तिनं साठवलेलं सगळं घालून स्वतःचा निळा ट्रक घेतला. पण ट्रक आपला असला, तरी माल कुठल्यातरी कंपनीच्या परवान्यावर वाहायचा असतो. कंपनी कुठली आणि ट्रेलर कुठला, हे तिचं तीन महिने ठरत नव्हतं. ट्रक दारात उभा होता. चुकीच्या करारावर सही झाली तर तो वर्षभरात हातचा जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचा भाऊ ड्वेन त्याच मोठ्या कंपनीत होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. माणसं जेवायची थांबत नाहीत, म्हणून शीतपेटीला मरण नाही. कंपनीही तिला परत घ्यायला तयार होती, रोज फोन करत होती. मार्लिसनं त्यांना एकच प्रश्न विचारला होता, नको असलेला माल मला नाकारता येईल का? तीनदा नाकारलात तर करार संपेल, असं उत्तर आलं होतं.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी ती पुन्हा आली, तेव्हा ड्वेनही सोबत आला. त्यानं दुरूनच मला पाहिलं आणि हसू लागला.

"अगं मार्लिस, हा तर पाठ मोडलेला आहे. हा ओढून तू कुठं जाणार? आणि पन्नाशीला आलीस, वाऱ्यात साखळ्या ओढत बसणार का आता?"

"माल उतरायची वाट पाहत गोदामाच्या दारात अकरा-अकरा तास बसून वय कमी होतं का रे?" ती म्हणाली.

शीतपेटी ओढणाऱ्यांची ही नेहमीची चूक. त्यांनी मजबूत उघडा ट्रेलर कधी रिकामा निरखलेला नसतो. मला राग आला, पण मार्लिस वाद घालत बसली नाही. तिनं माझ्या कडेवर दोन्ही टोकांना आठ-आठ इंचांचे ठोकळे ठेवले, त्यांवरून सुतळी ताणली आणि मध्ये फूटपट्टी लावली. अंतर चार इंच भरलं. मग तिनं स्ट्रान्स्कींना विनंती केली, आणि क्रेननं पुलाच्या तुळया माझ्यावर एकेक करून उतरवल्या. चार वर्षांत पहिल्यांदा माझे सांधे करकरले. मी हललो नाही. मार्लिसनं दहा साखळ्या स्वतः टाकल्या, आवळल्या, एक सैल वाटली ती सोडून पुन्हा आवळली. शर्ट घामानं भिजला होता. मग तिनं परत सुतळी ताणली.

मध्येही आठ इंच. मी अगदी सपाट झालो होतो.

ड्वेननं वाकून फूटपट्टी पाहिली. मग त्यानं सुतळी गुंडाळायला घेतली.

मित्रांनो, एखाद्याला वाकडा म्हणून कुंपणाशी लावण्याआधी त्याच्यावर भार टाकून पाहा. त्याच्या फळ्यांना वर्षातून एकदा तेल द्या, सांध्यांना वंगण द्या. दया दाखवू नका, ती मला कधीच नको होती. मला काम हवं होतं.

मार्लिसनं हात पुसले आणि मोठ्या कंपनीला विचारलेला प्रश्न स्ट्रान्स्कींना विचारला.

"ट्रक तुझा आहे," म्हातारा म्हणाला. "नको म्हणायला माझी परवानगी कशाला हवी?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मोठ्या कंपनीचा माणूस होता, सोमवारी सहीला किती वाजता येणार असं विचारत होता. मार्लिस माझ्या कडेला टेकून उभी राहिली. तळहात माझ्या फळीवर होता.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "मी उघडा ट्रेलर ओढणार आहे. स्ट्रान्स्कींकडे. आणि कुठला ओढायचा, तेही माझं ठरलंय."