मुल्लाणी सरांनी बदललेला शेवट

"सर, थांबू नगासा! घोडा आला का न्हाय, तेवढं तरी सांगा की!"

घंटा होऊन गेली होती, पण सातवीचा वर्ग जागचा हलायला तयार नव्हता. नबीलाल मुल्लाणी सरांनी ओळीखालचं बोट उचललं, चष्मा कपाळावर चढवला आणि पुस्तक मिटलं. "उद्या," ते म्हणाले. त्यावर असा काही गलका उठला, की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

उचगावच्या त्या शाळेत मुल्लाणी सरांच्या तासाला गलका होणं हेच मुळी नवल होतं. उभी हयात त्यांनी मराठी शिकवलं, पण त्यांच्या तासाला पोरं जागी असतात असा आरोप कुणी केला नव्हता. पत्रलेखन, समानार्थी शब्द, निबंधाचे मुद्दे. सर सरळमार्गी आणि तासही सरळमार्गी. यंदा ग्रंथालयाचं कपाट झाडताना हे पुस्तक त्यांच्या हाती लागलं. पोरं पुस्तकं मळवतात म्हणून त्या कपाटाला कायम कुलूप, त्यामुळे पुस्तक अगदी कोरं करकरीत. मुलांसाठीची अद्भुत कादंबरी म्हणून सरांनी नाक मुरडतच पहिलं पान उलटलं आणि कपाटाला टेकून उभ्याउभ्या निम्मं संपवलं. त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, खैरुनबीनं, घरी डबा उघडला, तर भाकरी जशीच्या तशी.

डोंगरावर राहणारी एक मुलगी, तिचा आजोबा आणि पंखांचा घोडा. आजोबानं शिट्टी घातली की घोडा आभाळातून उतरायचा. एके दिवशी आजोबा ढगांपलीकडच्या देशात गेला, तो आलाच नाही. मुलगी त्याची शिट्टी शिकते, हुबेहूब घालते, पण घोडा काही उतरत नाही. सरांना कौतुक वाटायचं ते लिहिणाऱ्याचं. "थाप मारतो पंखांच्या घोड्याची, आणि ओळन् ओळ खरी वाटते. याला छाती लागते!" असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. 'आमच्या दारी पंखांचा घोडा' असा निबंधही त्यांनी वर्गाला घातला. निम्म्या पोरांच्या घोड्याची म्हैस झाली होती. सरांनी सगळ्यांना चांगले गुण दिले.

त्याच वर्गात स्नेहल होती. तिचे वडील जोतीराम म्हशी राखून दूध घालायचे. पावसाळ्यात हायवेला ट्रकनं त्यांना ठोकरलं, त्यात ते गेले, आणि तेव्हापासून पोरगी बोलायचीच बंद झाली. हजेरीलाही नुसता हात वर. पण घोडा आभाळातून पहिल्यांदा उतरला त्या दिवशी तिनं विचारलं, "सर, त्यो घोडा खातोय काय?" सरांच्या हातून पुस्तक पडायचंच राहिलं. मग ती रोज काही ना काही विचारू लागली. आणि परवा तिनं विचारलं, "शेवटी आजोबा परत येतोय न्हवं, सर?"

सरांनी शेवट वाचलेला होता. आजोबा येत नाही. सर स्वतः त्या पानावर रडले होते. दिवाळीच्या सुट्टीआधी पुस्तक संपवायचं, आणि हे त्या पोरीपुढं वाचायचं कसं? नुकती कुठं बोलायला लागलेली पोर पुन्हा मिटली तर?

"मग बदला की," खैरुनबी भाकरी थापता थापता म्हणाली. "कोण येतंय तपासायला?"

सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला सरांनी शेवट बदलला. ढग दुभंगले, घोड्यावर बसून आजोबा आला, मुलीनं धावत जाऊन त्याला मिठी मारली. पोरांनी बाकं बडवून वर्ग डोक्यावर घेतला. एकट्या स्नेहलनं टाळी वाजवली नाही.

सगळे गेल्यावर ती टेबलापाशी आली.

"सर, खोटं वाचलासा."

"काय गं हे?"

"रोज बोट ठेवून वाचतासा. आज पुस्तकाकडं बघितलासाच न्हाय."

एवढीशी पोर, पण तिनं त्यांना मुद्देमालासकट पकडलं होतं.

"गेलेला माणूस येत न्हाय, सर," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. मला फकस्त घोड्याचं काय झालं, ते पायजे."

सर खाली बसले. त्यांनी पुस्तक उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि शेवटचं प्रकरण तिच्या एकटीसाठी पहिल्यापासून वाचलं. मुलगी आजोबाची शिट्टी सोडून देते. आपल्याच आवाजात, भीत भीत हाक मारते. घोडा उतरतो. मग दोघं मिळून ढगांकडं बघत राहतात. मध्ये एकदा सर चष्मा पुसायला थांबले, तेव्हा तिनं ओळीखाली आपलं बोट ठेवलं.

"हेच चांगलं हाय," ती म्हणाली. "सुट्टी संपली की सगळ्यांस्नी हेच वाचून दावा."

सरांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत त्यांचं वाचन कुणी असं तपासलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना मनापासून बरं वाटलं.

दिवाळीच्या पाडव्याला सर म्हशींची मिरवणूक बघायला गेले. रंगवलेली शिंगं, मोरपिसं, कवड्यांच्या माळा. मालक मोटारसायकल पळवतो आणि त्याच्या हाकेवर म्हैस मागून धावते, ही तिथली शान. जोतीरामची म्हैस चंद्री दरवर्षी पळायची. यंदा तिला स्नेहलचा काका हंबीरराव घेऊन आला होता. त्यानं स्नेहलला मागं बसवून भावाची मोटारसायकल सुरू केली आणि भावासारखीच आरोळी दिली. चंद्री जागची हलली नाही.

"आवाज तर जोत्याचाच हाय की!" गर्दीत कुणीतरी म्हणालं.

हंबीररावानं पुन्हा आरोळी दिली. चंद्रीनं कान टवकारले, मान वळवून इकडंतिकडं पाहिलं, कुणीतरी शोधल्यासारखं, आणि तशीच उभी राहिली. हंबीररावाला घाम फुटला. तेव्हा मागच्या सीटवरून स्नेहल उतरली.

"काका, गाडी बंद करा."

ती रस्त्याच्या मधोमध चालत पुढं गेली आणि वळून उभी राहिली. एवढ्या गर्दीत पोरीला पुढं कशाला काढता, म्हणून एकजण ओरडला. तिनं लक्ष दिलं नाही.

"चंद्रे, ये."

आवाज बारीक होता, तिचा स्वतःचा. काहीच झालं नाही. कुणीतरी हसलं.

"चंद्रे, मी हाय गं. ये की."

चंद्रीनं एक पाऊल टाकलं, थांबली, मग दुसरं टाकलं. पळाली नाही. घुंगरं वाजवत, सावकाश चालत ती पोरीपाशी आली आणि तिच्या खांद्याला नाक लावलं. स्नेहल तिच्या शिंगावर हात ठेवून चालू लागली. कडेला उभे असलेले सर तिला दिसले.

"पळाली न्हाय, सर," ती म्हणाली. "पर आली."

सरांनी नुसती टोपी काढली. पोरगी आणि म्हैस पुढं निघून गेल्या. त्यांच्या मागून हंबीरराव भावाची मोटारसायकल, बंदच ठेवून, हातानं ढकलत येत होता.