खालून चौथी ओळ

"काका, इथे स्वल्पविराम," भिंगरी म्हणाली आणि डोळे मिटूनच पुढचं वाक्य सांगू लागली.

खटखटकाकांनी निमूटपणे स्वल्पविराम दिला. अडतीस वर्षं त्यांनी कचेरीत टायपिस्ट म्हणून बोटं झिजवली होती. त्यांच्या वेगाचं काय सांगावं! साहेबांनी 'मा' म्हणायला तोंड उघडावं, तोवर इकडे 'माननीय महोदय' उमटून शाई वाळलेली. साहेब चुकले की काका परस्पर दुरुस्त करत. कोणी कधी तक्रार केली नाही. कळलं तर करणार ना!

आता निवृत्तीनंतर ते परीक्षेत भिंगरीचे लेखनिक झाले होते. पोरगी नववीत, तोंडाने तुरुतुरु, पण छापील ओळ समोर आली की तिला अक्षरांची मुंग्यांसारखी पळापळ दिसायची. तिने सांगायचं, काकांनी लिहायचं. शब्दाचाही फेरफार केला तर लेखनिकाला घरी पाठवायचं, असा नियम. लेखनिकाची सवलत मिळवायला तिच्या आईने सात महिने खेटे घातले होते, आणि अजून चार पेपर बाकी होते.

"प्रश्न चौथा," काकांनी वाचलं. "हातपंपाने पाणी वर कसे येते?"

"पंप पाणी ओढत नाही. पंप नळीतली हवा कमी करतो. मग बाहेरची हवा खालच्या पाण्यावर जोर देते आणि तीच पाणी वर ढकलते."

काकांचं पेन थबकलं. काहीतरीच! पोर हकनाक दोन गुणांना मुकायची. हात जुन्या वळणावर गेला आणि लिहून मोकळा झाला: 'पंप पाणी वर ओढतो.'

सगळा पेपर झाला. सात मिनिटं उरली.

"चौथं उत्तर वाचा ना, काका."

तिचे शब्द काकांना तोंडपाठ होते. तेच म्हणून दाखवले असते, तर कागदावर काय आहे हे तिला जन्मात कळलं नसतं. त्यांनी चष्मा पुसला आणि जे होतं ते वाचलं.

"हे माझं नाही."

"नाही, बाळा. माझं आहे."

"ओढतो कसा? बाटलीच्या तोंडाला नळी गच्च बसवा, कुठे फट ठेवू नका, आणि ओढा. घोटभर येतं, मग गाल आत जातात तरी थेंब नाही. ओढण्यात दम असता तर आलं असतं की!"

"कोणी शिकवलं हे?"

"कोण शिकवणार? मीच ओढून बघितलं."

काका बघतच राहिले. जन्मभर पंप हापसून खांदा निखळला होता, आणि पाणी भरत होती कोण, तर हवा! छताखाली एवढी मोकळी दिसणारी, मुकाट्याने साऱ्या जगाच्या विहिरींवर जोर लावून बसलेली. आणि ते दिसलं कोणाला, तर जिला 'पंप' हा शब्द वाचता येत नाही तिला.

त्यांनी उभं राहून पर्यवेक्षक बाईंना हाक मारली. "बाई, मी हिचं उत्तर बदललं. माझी चूक, हिची नाही."

बाईंच्या कपाळावर आठी. "काका, नियम माहीत आहे ना? उद्यापासून तुम्हाला बसवता येणार नाही."

"मला हेच पाहिजेत," भिंगरी म्हणाली.

"अगं, यांनीच तर—"

"बाई, यांनी खोटं वाचलं असतं तर मला कळलं असतं का? दुसरे कोणी खरं वाचतील कशावरून?"

बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "चार मिनिटं. खोडा, सही करा, आणि ती सांगते ते लिहा. उद्या साडेदहाला या."

काकांनी लिहिलं. एकेक शब्द, नवशिक्या पोरासारखा जपून. "हवा ढकलते ते खालून चौथ्या ओळीत आलं," त्यांनी सांगितलं.

घंटा झाली तशी भिंगरीने कागद स्वतःकडे ओढला. खालून ओळी मोजत तिचं बोट चौथीवर थांबलं.

"इथे ना? हवा ढकलते ते?"

"इथेच."

तिने ती न वाचता येणारी ओळ बोटाने हळूच शेवटपर्यंत चाचपली आणि कागद बाईंकडे दिला.