नळ गेल्यावरचं पाणी

प्रेमिलाला दिवस गेले आणि वाडीतल्या त्या भाड्याच्या खोल्यांच्या रांगेत सगळ्यांत आधी डॉक्टरकी सुचली ती तिच्या सासूला. बायजाबाईनं ओट्यावर उभं राहून, शेवटच्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं, "माह्या पोराची नस कापली पौषात. मंग हे पोट कोनाचं वं?"

देवाजी अमरावती रोडवरच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल. तीन पोरं झाल्यावर तो आपल्या पायानं शिबिरात गेला आणि नसबंदी करून आला. आता चैत सरला होता, पत्रे तापायला लागले होते, आणि प्रेमिलाला सकाळी उठल्याबरोबर मळमळत होतं. देवाजीनं तिला एक शब्द विचारला नाही. तिची लुगडी गाठोड्यात बांधली आणि गाठोडं दाराबाहेर ठेवलं. विचारणाऱ्याशी भांडता येतं. गाठोडं बांधणाऱ्याशी काय भांडणार?

प्रेमिलानं गाठोडं उचललं, आत नेलं, लुगडी पुन्हा दोरीवर टाकली.

"रविवारी विहारासमोर बैठक घ्या," ती म्हणाली. "मी येईन. पन तवरिक ह्या घरातून मले कोनी हालवाचं नाई."

या वस्तीनं छप्पन साली देव सोडले. ताईत तोडले, नवस सोडले, मरीमाय विहिरीत टाकली. बाईच्या पोटावर पंचायत बसवायची खोड मात्र कोणाला टाकावीशी वाटली नाही. आणि शहरात, धरमपेठेतल्या बंगलेवाल्यांनी नाक मुरडू नये. त्यांच्याकडंही हेच चालतं, फक्त दारं लावून.

प्रेमिलाला स्वतःबद्दल तिळभर शंका नव्हती. तिची शंका होती ऑपरेशनवर. म्हणून ती बस धरून धरमपेठेतल्या कुटुंबनियोजनाच्या केंद्रात गेली. तिथल्या नर्सबाई सुमती गोऱ्यापान, चापूनचोपून नेसलेल्या. प्रेमिलाचं ऐकून त्यांनी आधी दार लोटलं आणि मग त्या कुजबुजत बोलायला लागल्या.

"बाई, जोरानं सांगा," प्रेमिला म्हणाली. "मी काई चोरी करून नाई आली."

सुमतीबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. मग उठल्या आणि भिंतीवरची मेणकापडाची गुंडाळी सोडली. पुरुषाचं शरीर, मधोमध कापून दाखवलेलं. तीन बाळंतपणं काढलेल्या प्रेमिलानं असलं चित्र जन्मात पाहिलं नव्हतं.

"अगं बाप्पा! गड्याचं आत इतकं असते?"

"असतं. त्यांना वाटतं सगळं बाहेरच आहे."

दोघीही हसल्या, आणि मग बाईंचा आवाज आपोआप मोकळा झाला. बीज तयार होतं ते या दोन गोळ्यांत. तिथून ही बारीक नळी निघते, वर पोटात चढते, मूत्राशयाला वळसा घालून मागं जाते. तिथं दुसऱ्या गाठींतून पाणी येऊन मिळतं आणि मग सगळं एकत्र बाहेर पडतं. "नळी कापतात ती इथं, खाली, पिशवीजवळ. म्हणजे नवीन बीज वर चढत नाही. पण कापल्याच्या वरच्या नळीत जे आधीच चढून बसलंय, ते कुठं जाणार?"

प्रेमिला चित्राजवळ गेली. त्या नळीवरून तिनं खालून वर बोट फिरवलं.

"आमच्या वस्तीतला नळ गेला, तरी उतारावरच्या तोटीले दोन बादल्या निघतातच. पायपात राह्यलेलं पानी. त्याच्यासाठी बायका एकमेकीच्या झिंज्या उपटतात."

"अगदी तसंच. म्हणून ऑपरेशननंतर तीन महिने निरोध वापरायला सांगतो. शिबिरात पाकिटंही देतो."

प्रेमिलानं घरात एकही पाकीट पाहिलं नव्हतं.

ती निघाली तेव्हा सुमतीबाईंनी तिला दारात थांबवलं. "एक सांगते. बैठकीतले म्हणतील, आता नवऱ्याची तपासणी करा. त्याला भुलू नका. आता ती नळी रिकामी झाली असेल. कागदावर येईल, बीज नाही. आणि तो कागद तुमच्याच तोंडावर मारतील."

रविवारी विहारासमोर माणसं जमली. खाटेवर वस्तीतले म्हातारे धोंडबा बसले होते, त्यांच्या बाजूला गोदामाचा मुकादम नत्थूजी. बायका मागं, भिंतीला टेकून. बायजाबाईचं सांगून झाल्यावर नत्थूजीनं न्यायाधीशाच्या थाटात हात वर केला.

"भांडता कायले? सरकारी दवाखान्यात देवाजीले तपासून घ्या. जंतू निघाले त पोट्टं त्याचं. नाई निघाले त बाईनं आपली वाट धराव. बोला, आहे का नाई सरळ?"

सगळ्यांच्या माना हलल्या. इतका सरळ न्याय वस्तीनं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"नाई," प्रेमिला म्हणाली.

"भ्याली! पाहा, भ्याली!" बायजाबाई उठूनच उभी राहिली.

"भेते माही जुती. मामी, तुमी बसा. नत्थूजी, सकाळी नळ गेला. आता दुपारी तुमी तोटी खोलून म्हनता, इथं पानी नाई, मंग सकाळची बादली कोनी भरली? अशी तुमची तपासनी. नस खालून कापली, वरचा पायप भरेलच होता. तो रिकामा व्हाले तीन महिने लागतात. आता रिकामा झाला असन. माहं पोट त्याच्या आधीचं आहे."

"मंग त्याले समजलं नसतं का वं?" बायजाबाई म्हणाली. "काई फरक त दिसला असता!"

"काई दिसत नाई, मामी. पानी दुसऱ्या गाठीतून येते, ते येतच राहते. बीज डोळ्याले दिसत नाई."

कुठं तरी कोणी खुसखुसलं. प्रेमिला देवाजीकडं वळली.

"इथं एकच सवाल आहे, शीलाचे बाबा. ऑपरेशन झाल्यावर तुमी किती दिवसांनी माह्याजवळ आले? सांगा."

देवाजीनं मान खाली घातली. बायकोचं गाठोडं रांगेसमोर ठेवताना ज्याचा हात अडखळला नव्हता, त्याला स्वतःची एक रात्र सांगता येईना. धोंडबानं दोनदा विचारलं. तरी हा मातीच उकरून राहिला होता.

शेवटी मागून भैय्याजी नावाचा हमाल खो खो हसायला लागला.

"अबे, आता काहून लाजून राहिला? चायच्या टपरीवर त आमाले सांगून राहिला होता! मी भेत होतो ऑपरेशनले, म्हनलं नामर्द होते मानूस. त हा म्हने, काई होत नाई गा भैय्याजी, टाके ओले होते तवाच मी मैदानात उतरलो!"

"मले बी सांगतलं," दुसरा म्हणाला.

"मले त दोनदा सांगतलं!"

बैठकीत एकच हसू फुटलं. नत्थूजीसुद्धा तोंडावर दुपट्टा धरून हसत होता. हसली नाही ती प्रेमिला.

"आन् पाकिटं? दवाखान्यानं देल्ली होती ती?"

"डायवर लोकाले वाटून टाकली," देवाजी पुटपुटला. "मले वाटलं, नसच कापली त टोपी कायले? डॉक्टर सांगत होता तवा आमी सारे हासून राहिलो होतो."

धोंडबानं कपाळाला हात लावला. "हासा लेको, हासा. तुमी हासाचं आन् बायकोनं भोगाचं." मग ते प्रेमिलाला म्हणाले, "झालं, बाई. पोट्टं त्याचंच आहे. जा घरी."

सगळे उठायला लागले. प्रेमिला जागची हलली नाही.

"कसं झालं, बाबा? तुमी म्हनलं. त्यानं कुठं म्हनलं?"

माणसं पुन्हा बसली. देवाजी उठला, इकडंतिकडं पाहिलं, आणि आपल्या चपलांना सांगितलं, "माहं आहे."

"मागं बायका बसल्या आहेत. तिथवर गेलं नाई."

"नाई गेलं!" भिंतीजवळून कोणीतरी ओरडलं.

देवाजीनं घसा खाकरला. मान वर केली. आणि गोदामात मागं घेणाऱ्या ट्रकला थांबवायला ओरडतो तसा तो ओरडला, "माहं पोट्टं आहे!"

तेव्हा कुठं प्रेमिला उठली.